जगदाळे बाईंची अंधारखोली

जगदाळे बाईंना मी 'आमच्या बाई' म्हणतो आणि म्हणताना दर वेळी माझा आवाज खाली जातो. कोणी विचारलं, 'कोणत्या शाळेत होत्या तुम्हाला?' तर काय सांगू? त्यांच्या शाळेत मी शिकलोच नाही. मी तिथं शिडी खांद्यावर घेऊन गेलो होतो, प्रोजेक्टर लावायला. माझी शाळा गोंदियाकडची, आणि तीही आठवीत सुटली. पुण्यात आलो तो कामाच्या शोधात. शाळांमध्ये पडदे, प्रोजेक्टर, स्पीकर बसवून देणाऱ्या एका दुकानात लागलो. म्हणजे ज्या जागेला घाबरून पळालो, त्याच जागी रोज सकाळी हजर. देवाला पण गंमत सुचते.

शाळा कोथरूडची. वरच्या मजल्यावर टोकाला एक खोली होती, दारावर 'दृक्श्राव्य कक्ष' असं रंगवलेलं. मुलं तिला अंधारखोली म्हणत. खिडक्यांना काळे पडदे होते, बाईंनी स्वतः शिवलेले. त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. कोपऱ्यात गुंडाळलेले तक्ते, समुद्राचा निळा रंग उडालेला पृथ्वीगोल, एक जुना टेपरेकॉर्डर आणि खोक्यात शंख, शिट्टी, बैलाच्या गळ्यातली घंटा. यातलं काहीही फेकायचं म्हटलं की बाई म्हणायच्या, "मलाही त्याच्याबरोबर ठेवा मग, भंगारवाला एकदाच येऊ दे."

बाई परिसर अभ्यास आणि भूगोल शिकवायच्या. ठेंगण्या, सुती साडी, पिना लावून कानांवर घट्ट बसवलेले केस. सगळ्यांना अहो-जाहो. चौथीतल्या पोरालासुद्धा रागावल्या की 'अहो' म्हणायच्या, तेव्हा ते पोर रडायचंच.

पहिल्या दिवशी मी शिडीवर चढून प्रोजेक्टर बसवत होतो. त्या खाली येऊन उभ्या राहिल्या.

"कुठे लावताय?"

"मधात, मॅडम."

"मधात ते दिसतंय. कुणासाठी लावताय? साहेब तपासायला येतात त्यांच्यासाठी, का चौथीसाठी?"

मी म्हटलं, "कंपनीनं सांगितलं तसंच करून राहिलो जी."

"कंपनी बसणार आहे का इथे बाकावर?"

मग त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. ही त्यांची पद्धत. कोणताही तक्ता, कोणतीही फिल्म, मुलांना दाखवायच्या आधी बाई शेवटच्या बाकावर बसून पाहायच्या, ऐकायच्या. तिथून चांगलं तर चांगलं. मी पडद्याजवळ जाऊन अक्षरं नीट केली, म्हटलं, "झालं जी."

"धूसर आहे."

"नाही जी, एकदम क्लिअर आहे."

"इकडे या. बसा. आता सांगा, दिसतंय?"

मधली सुट्टी होती. दारात चार-पाच पोरं डबा खात बघत होती. मी त्या छोट्या बाकात गुडघे मोडून बसलो. पडद्यावर पांढऱ्यावर काळं काहीतरी सांडलेलं होतं.

"दिसतंय जी," मी म्हटलं. लहानपणापासून हेच उत्तर पाठ होतं.

"काय लिहिलंय?"

माझा चेहरा कानापर्यंत लाल झाला. दारातलं एक पोरगं मोठ्यानं वाचायला लागलं. बाईंनी त्याला नुसतं बघितलं, दार ओढलं गेलं आणि पोरंही गेली. मग माझ्यासमोर उभ्या राहून, माझ्या तोंडाकडे बघत, हळू आवाजात म्हणाल्या, "या खोलीत एकच नियम आहे. जे दिसलं नाही, ते दिसलं नाही म्हणायचं. जे ऐकू आलं नाही, ते आलं नाही म्हणायचं. बाकी दंगा चालतो. शाळा कितवीपर्यंत?"

"आठवी. डोक्यात जात नव्हतं."

"अहो, डोक्यात जायच्या आधी डोळ्यात जावं लागतं."

शाळा सुटल्यावर त्या मला मागच्या गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानात घेऊन गेल्या. चालत, माझ्यापुढे, मी पळून जाईन म्हणून मधेच मागे बघत. दुकानदाराला म्हणाल्या, "यांनी आजवर सगळीकडे हो म्हटलंय. तुम्ही त्यांच्या 'हो'वर विश्वास ठेवू नका."

चष्मा हातात आला त्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. समोरच्या झाडाला पानं होती. म्हणजे पानं असतात हे माहीत होतं, पण एक-एक, वेगळी, अशी असतात हे नव्हतं माहीत. रस्त्यापलीकडून येणाऱ्या बसचा नंबर बस थांबायच्या आधी वाचता आला. कोणाला वाटेल मला आनंद झाला असेल. मला लाज वाटली. इतकंच होतं? उंच म्हणून मला गुरुजींनी मागं बसवलं, फळ्यावरचं दिसेना म्हणून शेजारचा पोरगा पुटपुटेल ते म्हणायचो, तो चुकला की मी चुकायचो, तो मुद्दाम चुकला की वर्ग हसायचा. ढ म्हणून बापानं कामाला लावलं, मीही मान्य केलं. एका काचेच्या तुकड्यापायी. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्या ध्यानातच नाही आलं रे बापा," आणि रडायला लागली. मग तिला रडवल्याची आणखी लाज.

पुढं बरेच दिवस मी आमच्या दुकानात नि शाळांत शिरताना चष्मा खिशात घालायचो. बाईंनी एकदा पकडलं. "कुणाला घाबरताय? डोळ्यांना का डोळेवाल्यांना?"

त्यानंतर त्या शाळेचं कोणतंही काम निघालं की मीच जायचो. पाच मिनिटांचं काम असलं तरी तास संपेपर्यंत मागं बसून राहायचो. आणि असं मी भूगोल शिकलो, म्हणजे थोडा.

बाईंची शिकवायची तऱ्हाच निराळी. फिल्म आधी मुकी दाखवायची, मग बोलकी. आवाज बंद. पोरं नुसती बघणार. "सांगणारा सांगायला लागला की तुम्ही बघायचं सोडता," त्या म्हणायच्या. मुकी फिल्म संपली की प्रश्न, तोही उलटा. "काय दिसलं नाही?" एकदा बाजाराची फिल्म होती. सगळ्या भाज्या, फळं, तराजू. एक मुलगी म्हणाली, "बाई, कुणीच घासाघीस करत नाहीये." बाई इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी त्यांनी बोलकी फिल्म दाखवलीच नाही. म्हणाल्या, "आता त्यात काय राहिलंय?"

एक फिल्म त्यांनी स्वतःच केली होती, आपल्या मोबाइलवर. खडकवासल्याचं पाणी आपल्या नळात कसं येतं. त्यांचं माहेर धरणाच्या पलीकडचं, म्हणून त्यांना तिथला काठ न् काठ ठाऊक. फिल्म हलायची, आवाजात वारा भरून राहायचा आणि सबंध वेळ डाव्या कोपऱ्यात एक गुलाबी ढग असायचा. एका पोरानं विचारलंच, "बाई, हा तुमचा अंगठा आहे का?"

"हो."

"काढून टाकता येतो बाई. माझा दादा काढून देईल."

"नको. चित्र आपोआप येत नाही, कुणीतरी काढतं, एवढं तरी कळू दे."

मग माझा एक दिवस आला, आठवला की आजही अंगावर काटा येतो. दुकानाच्या मालकानं सांगितलं, नवा डिजिटल फळा बसवला आहेस, आता सगळ्या शिक्षकांना चालवायला शिकवून ये. मी. आठवी नापास माणूस. समोर सगळे शिक्षक, सगळे डिग्रीवाले. हाताला घाम सुटून पेन फळ्यावर घसरत होतं. मी म्हटलं, "आता बघा, मी हे चालू करून राहिलो." मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "राहा, राहा, जागा आहे." सगळे हसले. मी पुढचं वाक्य विसरलो. त्याच्या पुढचंही.

जगदाळे बाई शेवटच्या बाकावर होत्या. उठल्या नाहीत. "त्यांनी चालू केलं. इथे आणखी कुणाला येतं? हात वर करा." कोणी केला नाही. "बरं. मग हसून झालं असेल तर शिकू या. मेश्राम, सांगा. आणि बोलताना आमच्याकडे तोंड करा, फळ्याकडे नको."

तोंड करा. हे त्या नेहमी म्हणायच्या. मला वाटायचं, शिस्तीच्या आहेत. समोरच्याच्या ओठांकडे इतकं लक्ष देऊन बघायच्या की बोलणाऱ्याला आपण मोठे आहोत असं वाटायचं.

सगळे गेल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. बाई म्हणाल्या, "मी डीएडला आले तेव्हा 'हाय' म्हणायचे. 'बाई, तक्ता तयार हाय.' वर्गानं माझं नाव हायवे ठेवलं होतं. महिनाभर मी तोंड उघडलं नाही. अजून राग आला की बाहेर पडतं."

"मग तुम्ही काय केलं जी?"

"काही नाही. वाट बघितली. हसणाऱ्यांना पण परीक्षेला बसायचं असतं."

दहावीला बाहेरून बसा, हे त्यांनी तेव्हाच माझ्या मागं लावलं. बसलो. इंग्रजी राहिलं. परत बसलो, परत राहिलं. दुसऱ्यांदा राहिलं ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. विचारलं असतं तर नियमाप्रमाणे सांगावं लागलं असतं, म्हणून विचारलं नसेल.

नंतरच्या काही वर्षांत अंधारखोलीतला आवाज वाढत गेला. मला ते ध्यानात यायला वेळ लागला, कारण मी नेहमी मागं बसायचो आणि मोठा आवाज मला बरा वाटायचा. पण पुढची पोरं कानात बोटं घालायला लागली होती. बाई वळल्या की बोटं खाली. कोणी बोलत नव्हतं. आवाजाचा नियम सगळ्यांना माहीत होता, पण तो 'ऐकू आलं नाही' याच्यासाठी होता. फार ऐकू आलं तर काय म्हणायचं, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

मग मुख्याध्यापिकांचा फोन आला. "तुमचा स्पीकर बिघडलाय. शेजारी सातवीचं गणित चालत नाही. येऊन बघून जा."

मी गेलो. तास चालू होता, बाईंची तीच खडकवासल्याची फिल्म, मुकी दाखवून झाली होती. "आला आहात तर बघा काय ते, आम्ही थांबतो," बाई म्हणाल्या. मी भिंतीकडे तोंड करून स्पीकर खोलला. काही बिघडलं नव्हतं. तपासायला वायर काढली आणि तसाच, भिंतीकडेच बघत, म्हटलं, "बाई, एक मिनिट, वायर काढली आहे जी."

बाईंनी ऐकलं असेल असं मी धरून चाललो. मागं काय चाललंय ते मला कळलं तेव्हा बाई संगणकापाशी बसलेल्या मुलीला म्हणत होत्या, "चला, आता बोलकी." त्या शेवटच्या बाकाकडे गेल्या, बसल्या. पडद्यावर धरणाचं पाणी हलायला लागलं. पाण्यावरून बगळे उडाले. बाईंचा अंगठा आला. खोलीत पंख्याशिवाय काही आवाज नव्हता.

बाईंनी नेहमीसारखा हात वर केला. "छान. आवाज येतोय." मग मोठ्या समजूतदारपणे म्हणाल्या, "थोडा कमी करा. शेजारी त्रास होतो म्हणे."

मी वळलो. वायर माझ्या हातात होती.

मग एक पोरगं फिसकन हसलं आणि त्यानं स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात दाबला. बाईंच्या शेजारी बसलेली एक मुलगी होती, चौथीची, दोन वेण्यांची. ती बाईंकडे तोंड करून, नीट, एक-एक शब्द म्हणाली, "बाई, आवाज आलाच नाही."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग पोरांकडे. मग माझ्या हाताकडे. मी वायर मागं लपवली. का लपवली, मला ठाऊक नाही. बाईंचा हात कानावरच्या केसांकडे गेला, पिना जागेवर आहेत का ते बघितलं. चेहरा इतका लाल झाला की मी खाली बघितलं. तो चेहरा मला ओळखीचा होता. तो माझा होता, त्या बाकावरचाच.

"पडदे उघडा," त्या म्हणाल्या. कोणी उठलं नाही, तर स्वतःच उघडले. "ही बरोबर बोलली. मी खोटं बोलले. आज एवढंच हाय."

आणि गेल्या. घंटा व्हायच्या आधी बाई वर्गातून गेल्या असं त्या शाळेत कधी झालं नव्हतं. त्यांची पिशवी खुर्चीला तशीच लटकत होती. पोरं घंटा होईपर्यंत बसून राहिली, लख्ख उजेडात.

मुख्याध्यापिकांना मी सांगितलं, स्पीकर सैल होता, केला नीट. पण पोरांच्या तोंडून शाळेला कळलंच. बाईंनी अंधारखोलीची किल्ली परत केली. खाली वर्गात खडू घेऊन शिकवू लागल्या, पण पोरांकडे पाठ झाली की काही ऐकू येत नसे, म्हणून फळ्यावर लिहीतही नव्हत्या. निवृत्तीला थोडेच महिने होते, पण आत्ताच सोडते म्हणत होत्या. शिपाईमामांनी मला हे सांगितलं आणि ती पिशवी माझ्या हातात दिली. "तूच दे बाबा. आमच्याकडून घेत नाहीत. उद्या उद्या म्हणतात."

रविवारी बाईंच्या घरी गेलो. बेल वाजवली. बऱ्याच वेळा वाजवली. मग शेजारच्यांनी सांगितलं, दार जोरात हलवा, त्यांना हादरा कळतो.

घरात टीव्ही चालू होता, मुका. खाली अक्षरं धावत होती. बाईंनी पाणी दिलं. मी पिशवी ठेवली. मग त्याच म्हणाल्या, "आधी मुकी, मग बोलकी, हा नियम चांगलाच होता मेश्राम. पण अलीकडे तो मला सोयीचाही झाला होता. बोलक्या फिल्ममध्ये पोरं काय विचारतात, ते मला अर्धं कळायचं. मी मान डोलवायचे." त्या टीव्हीकडे बघत राहिल्या. "तुम्हाला त्या बाकावर बसवून मी केवढा मोठा उपदेश केला. तेव्हाही मला एका कानानं कमीच ऐकू येत होतं."

मी म्हटलं, "गाडी खाली लावली आहे जी."

"मग?"

"रविवारी पण उघडं असते."

"काय?"

मी तोंड त्यांच्याकडे केलं. "कानाचं दुकान."

त्या हसल्या, पहिल्यांदाच. "कानाचं दुकान! काय मांडून ठेवतात हो?" मग हसू गेलं. "तुम्ही चष्मा लावलात तेव्हा लाज वाटली होती?"

"वाटली होती."

"किती दिवस?"

खोटं बोलायचं नव्हतं. "अजून वाटते."

"मग मला कशाला नेताय?"

यावर काय बोलायचं ते एखाद्या शिकलेल्या माणसाला सुचलं असतं. मला आठवलं, त्यांनी कसं पुढं चालत मला गल्लीतून नेलं होतं, मागं बघत, नाही म्हणायला जागाच न ठेवता. मी हेल्मेट मांडीवर घेऊन बसलो. "आज नको," त्या म्हणाल्या, आणि मी "बरं जी" म्हणून उठलो. जिना उतरताना स्वतःचा इतका राग आला. ज्यांनी मला दुनिया दाखवली त्यांना मला गाडीवर बसवून दोन गल्ल्या नेता आलं नाही.

बाई आता निवृत्त होऊन बहिणीकडे साताऱ्याला राहतात. जाताना निरोप ठेवून गेल्या, मेश्रामना सांगा, फोनवर मला अजून नीट कळत नाही, लिहीत जा. मी मोबाइलवर लिहितो आणि पुसतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, बाई हसणार नाहीत हे माहीत आहे, तरी पुसतो. म्हणून हे एवढं एकदम लिहायला बसलो. मी शेवटचं त्यांना जे बघितलं, ते मी बघितलं, हे त्यांना माहीत नाही.

त्या रविवारनंतर, बाई निवृत्त व्हायच्या आधीच्या फेब्रुवारीत मी प्रोजेक्टरची जाळी पुसायला शाळेत गेलो होतो. जिन्यातूनच वास आला, डांबराच्या गोळ्यांचा. अंधारखोलीचं दार लोटलेलं होतं. मी फटीतून बघितलं. पडद्यावर पाणी होतं, आवाज होता, बेताचा, वाऱ्यासकट. शेवटच्या बाकावर बाई नव्हत्या. पुढं बघितलं तर त्या पहिल्या बाकावर बसल्या होत्या, दोन पोरांच्या मधात, गुडघे मोडून. केसांच्या पिना गायब. केस कानामागं घेतलेले, आणि कानामागं ऐकायचं यंत्र, कुणालाही दिसेल असं.

फिल्ममध्ये त्यांचाच आवाज काहीतरी सांगत होता. बाईंनी हात वर केला. उत्तर येत असल्यासारखा नाही, पोरं अर्धवट करतात तसा, कोपरातून. संगणकापाशी ती दोन वेण्यांची मुलगी होती. तिनं फिल्म थांबवली.

"काय झालं बाई?"

"नाही ऐकू आलं. परत लावा."

चेहरा लालच झाला होता. इतक्या दिवसांनीही. मुलीनं परत लावलं. बाईंनी ऐकलं, मान हलवली नाही, पुन्हा हात वर केला. "अजून एकदा." पोरं थांबली. कोणी हसलं नाही, पण कोणी बाईंकडे बघतही नव्हतं, सगळी पडद्याकडे बघत होती.

तिसऱ्यांदा फिल्म सुरू व्हायच्या आत शेवटच्या बाकावरून आवाज आला. तिथं एक उंच मुलगी बसली होती. तिचा हात अजून पुरता वरही गेला नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "मला पण नाही दिसलं."

बाईंना ते ऐकू आलं नाही. शेजारच्या पोरानं त्यांच्या दंडाला हात लावला आणि मागं बोट दाखवलं, तेव्हा त्या वळल्या.